हजेरी घेणारं कुणी नाही: जर्मनीतल्या विद्यापीठाचं पहिलं वर्ष

"ताई, मी साताऱ्याचा. मेकॅनिकलचं बी.ई. झालं, दोन वर्षं चाकणला नोकरी केली. आता जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय, ऑक्टोबर २०२६ पासून. कोर्स इंग्रजीतून आहे, जर्मन ए२ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंत झालंय. सीनियर म्हणतात, पोचलास की सगळं आपोआप कळतं. आई म्हणते, तिकडे तुझ्याकडे बघायला कोण आहे? तिथलं विद्यापीठातलं आयुष्य खरंच कसं असतं?"

आईंचा प्रश्न आधी घेते, कारण नेमका तोच विचारायला हवा. तुझ्याकडे बघायला इकडे कुणी नाही. भीती घालायला म्हणत नाही, इथली अख्खी पद्धतच त्यावर उभी आहे. अठरा वर्षांवरचा माणूस आपलं आपण बघतो, अडला तर तोंड उघडतो, आणि विचारायला आला नाही म्हणजे त्याचं बरं चाललंय असं सगळे धरून चालतात. आपल्याकडे दोन दिवस गप्प बसलं की कुणीतरी येऊन विचारतंच, "काय रे, काय बिनसलंय?" इथे दोन वर्षं गप्प बसलास तरी कुणी विचारणार नाही, आणि त्यात त्यांना काही चुकल्यासारखंही वाटणार नाही. उलट विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसणं.

मी मूळची पुण्याची. २००८ साली इथे शिकायला आले आणि गेली चौदा वर्षं पूर्वेकडच्या एका तांत्रिक विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्ला कक्षात काम करते. मी सुरुवात केली तेव्हा महिन्याकाठी दोन-तीन भारतीय मुलं दारात दिसायची. आता रांग लागते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यात जास्त. मुलं हुशार असतात. अडतात ती बहुतेक अभ्यासात नाही, या न विचारण्याच्या जागी अडतात.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. मुलगा दोन सत्रं झाली तरी मार्कांचं काही बोलत नाही, तुम्ही मराठी आहात, जरा बघून सांगा ना. आणि मी त्यांना एवढंही सांगू शकत नव्हते, की तो आमच्याकडे शिकतो. इथला माहितीच्या गोपनीयतेचा कायदा तसा आहे. कर्ज वडिलांनी काढलेलं असो नाहीतर आजोबांनी जमीन विकलेली असो, सज्ञान मुलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय कुणाला देता येत नाही. ते आधी चिडले, मग त्यांचा आवाज भरून आला. तो माझ्याकडे आला तर मी नक्की बोलेन, एवढंच म्हणू शकले. तो बऱ्याच उशिरा आला. त्याची गोष्ट पुढे सांगते.

आता वर्ग. हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. पण तास प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात, आणि पुढे एप्रिल ते जुलै. मधले महिने सुट्टीचे वाटतात, पण परीक्षा आणि प्रकल्प त्यातच असतात. वेळापत्रकात १० च्या पुढे 'सी.टी.' असं लिहिलेलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. ही लॅटिनमधून आलेली जुनी विद्यापीठीय पंधरा मिनिटं आहेत. 'एस.टी.' लिहिलं असेल तर दहा म्हणजे दहाच. आपल्या एस.टी.शी त्याचा काही संबंध नाही, उलटाच आहे. तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या गाठींनी टकटक करतात. पहिल्या दिवशी तू दचकशील.

व्याख्यानाला हजेरी नसते. प्रयोगशाळा आणि सेमिनारला असू शकते, पण मोठ्या सभागृहातल्या तासाला तू आलास काय आणि न आलास काय. आणि इथेच गणित चुकतं. एका सत्रात ३० क्रेडिट घ्यायचे असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. सहा क्रेडिटचा विषय धर: १८० तास. आठवड्याला चार तास वर्ग, पंधरा आठवडे, म्हणजे झाले ६०. उरलेले १२० तुझे तू करायचे. त्यासाठी ना युनिट टेस्ट, ना सबमिशनची धावपळ, ना "जर्नल पूर्ण कर, मग सही देतो" म्हणणारे सर. नोव्हेंबरमध्ये मुलं मला सांगतात, इथे अभ्यास खूप सोपा आहे, आठवड्यातले दोन दिवस तर रिकामेच असतात. जानेवारीत तीच मुलं झोपलेली नसतात.

परीक्षेवर जरा जास्त बोलते.

बहुतेक विषयांना सत्राच्या शेवटी एकच परीक्षा. ९० मिनिटं किंवा दोन तास, त्यावर सगळा विषय. काही ठिकाणी तोंडी: प्राध्यापक, शेजारी नोंद घेणारा सहायक, समोर तू, अर्धा तास. तोंडी परीक्षेला आपली मुलं घाबरतात, कारण आपली तोंडी परीक्षा म्हणजे व्याख्या म्हणून दाखवणं. इथे ते कागद पुढे सरकवून म्हणतात, आकृती काढा, आता हा भाग काढून टाकला तर काय होईल ते सांगा. पाठांतर पहिल्या दोन मिनिटांत उघडं पडतं. थांबून "मला विचार करू द्या" म्हटलेलं मात्र चालतं. त्याचे मार्क कापत नाहीत.

पण त्याच्याही आधीची गोष्ट: परीक्षेसाठी नाव नोंदवावं लागतं. विषयाला प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला नाव आपोआप गेलं असं नाही. पोर्टलवर ठरावीक दिवसांची खिडकी उघडते, बंद होते, आणि बंद झाली की झाली. नागपूरच्या एका मुलीने मटेरियल सायन्सचा अभ्यास दोन महिने जीव तोडून केला. परीक्षेच्या दिवशी सभागृहाच्या दारात यादीत तिचं नाव नव्हतं. दारावरचा सहायक फार सभ्यपणे बोलला, म्हणाला, पुढच्या वेळी भेटू. ती माझ्याकडे आली तेव्हा तिला वाटत होतं, एखादा विनंती अर्ज, विभागप्रमुखांची सही, उशिराचा दंड, काहीतरी असेलच. दंड घेऊन दार उघडायची सोयच इथे नाही. तो विषय वर्षातून एकदाच होता. तिचं एक सत्र वाढलं.

आणि संधी मोजक्या असतात. बहुतेक विद्यापीठांत एका परीक्षेला तीनदा बसता येतं. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालास तर विद्यापीठातून नाव कमी होतं. आपल्याकडच्या ए.टी.के.टी.सारखं वर्षानुवर्षं पेपर काढत राहणं नाही. वडिलांचा फोन आलेला तो मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात तिसऱ्या नापासाचं पत्र होतं. पहिल्या खेपेला तो "अनुभव घ्यायला" बसला होता, दुसऱ्या वेळी आजारी असताना गेला. आजारी असलास तर जाऊ नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांकडून परीक्षेसाठीचा दाखला घेऊन परीक्षा विभागाला पाठव, ती संधी मोजली जात नाही. पण एकदा पेपर हातात घेतलास की मागाहून "ताप होता" म्हणून उपयोग नाही. तयारी नसेल तर माघारीची तारीख असते, त्या तारखेच्या आत नाव काढून घेता येतं. हे सगळं परीक्षा नियमावलीत लिहिलेलं असतं. प्रत्येक अभ्यासक्रमाची ती वेगळी असते, रटाळ असते, आणि चाळीस पानांचं ते पुस्तक पहिल्या आठवड्यात वाचणारे विद्यार्थी मी बोटांवर मोजू शकते. तू वाच. जर्मनमध्येच असली तर भाषांतर करून वाच.

गुणांची पट्टी उलटी आहे: १.० सगळ्यात चांगला, ४.० काठावर पास, ५.० नापास. आयुष्यभर डिस्टिंक्शन मिळवलेल्या मुलाला पहिल्या सत्रात २.७ मिळाले की त्याला वाटतं आपलं काहीतरी हरवलं. काही हरवलेलं नसतं. इथली मुलं म्हणतात, चार म्हणजे पास आणि पास म्हणजे झकास. हे तू मनावर घेऊ नकोस, पुढे डॉक्टरेट करायची असेल तर गुण बघतात, पण त्यांच्या त्या बेफिकिरीतून थोडंसं उसनं घ्यायला हरकत नाही. एक मात्र लक्षात ठेव: पास झालेली परीक्षा गुण वाढवायला परत देता येत नाही, बहुतेक ठिकाणी. निकालानंतर तपासलेला पेपर बघायचा एक दिवस ठेवतात. जा. आपली मुलं जात नाहीत, सरांना राग येईल म्हणून. राग कुणाला येत नाही. बेरीज चुकलेली निघते, एखाद्या पायरीचे गुण द्यायचे राहिलेले असतात, आणि ते मिळतात. जुन्या प्रश्नपत्रिका हव्या असतील तर विभागाच्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या खोलीत जा. त्या खोलीला फाखशाफ्ट म्हणतात. कॉफी मिळते, जुने पेपर मिळतात, कुठल्या प्राध्यापकाला काय आवडतं तेही कळतं.

नक्कल हा दुसरा सापळा. प्रबंधाच्या, अहवालाच्या शेवटी "हे काम माझं स्वतःचं आहे" असं लिहून तुला सही करावी लागेल. आपल्याकडे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मागच्या बॅचचं थोडंफार उतरवणं कुणी मनावर घेत नाही. इथे ते किती मनावर घेतात याचा अंदाज यावा म्हणून सांगते: २०११ मध्ये संरक्षणमंत्री कार्ल-थेओडोर त्सू गुटेनबर्ग यांना पीएच.डी.च्या प्रबंधातल्या उचलेगिरीवरून राजीनामा द्यावा लागला. दोन वर्षांनी शिक्षणमंत्री आनेटे शावान यांची जुनी डॉक्टरेट विद्यापीठाने काढून घेतली आणि त्याही पायउतार झाल्या. मंत्र्यांना सोडलं नाही, तिथे तुला कोण सोडणार?

प्राध्यापकांशी वागणं हा तिसरा. ई-मेल लिहिताना आडनाव आणि पदवीसकट लिही, "रिस्पेक्टेड सर" नको. भेटायची वेळ ठरलेली असते, त्या वेळेत जा, प्रश्न नेमका ने. "मला काहीच समजलं नाही" हा प्रश्न नव्हे. "अमुक पानावर दुसऱ्या समीकरणातून तिसरं कसं आलं" हा प्रश्न. आणि मतभेद चालतो, नव्हे, अपेक्षितच असतो. इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला पीएच.डी.साठी आल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर होते, वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे बडे पुरस्कर्ते. कवट्यांची मापं घेऊन युरोपीय माणसाचं वेगळेपण सिद्ध होईल अशी गुरूंची अपेक्षा, आणि बाईंनी मापं घेऊन निष्कर्ष काढला, की वंशाचा याच्याशी संबंध दिसत नाही. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या पुण्याला परतल्या. तुला कवट्या मोजायच्या नाहीत, सेमिनारमध्ये हात वर करून "मला हे पटत नाही, कारण" एवढंच म्हणायचं आहे. पहिल्या वेळी घाम फुटेल.

अभ्यासाबाहेरचं अर्धं आयुष्य कागदांत जातं. इथल्या मराठी घरांमध्ये एक शब्द दिवसातून दहादा ऐकशील: टर्मिन. म्हणजे ठरवून घेतलेली वेळ. नगरपालिकेचा टर्मिन, परदेशी नागरिक कार्यालयाचा टर्मिन, डॉक्टरचा टर्मिन, केस कापायचा टर्मिन. घरात राहायला गेलास की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. त्यावरून कराचा क्रमांक येतो, त्याच्याशिवाय पगाराचं गाडं नीट चालत नाही. एकात एक अडकलेल्या कड्या आहेत. पहिली कडी घर.

घर सापडणं हीच सगळ्यात मोठी लढाई. विद्यार्थी वसतिगृहांची खोली स्वस्त असते, पण मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी काही सत्रांची असते, म्हणून प्रवेशपत्र हातात आल्याच्या दिवशी अर्ज टाकायचा असतो. तू टाकला नसशील तर हे वाचणं थांबव, आधी टाकून ये. खोलीची किंमत शहरावर आहे. केम्निट्ससारख्या ठिकाणी ३०० युरोत भागतं, म्युनिकमध्ये त्याच खोलीचे ८०० मागतात. जाहिरातीतलं 'थंड' भाडं म्हणजे नुसती जागा, 'गरम' भाडं म्हणजे हीटिंग वगैरे धरून. तुलना गरम भाड्यांची कर. अनामत थंड भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा कायदा आहे. आणि "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल" असं म्हणणारा घरमालक हा घरमालक नसतो. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाच-सहा मुलं अशी फसून माझ्यासमोर बसतात. दरवर्षी.

घर मिळालं की पहिलं काम, पत्रपेटीवर आणि बेलवर आपल्या आडनावाची चिठ्ठी लाव. हसू नकोस. इथे पोस्टमन फ्लॅटचा क्रमांक बघून नाही, पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, कराचा क्रमांक, सगळं कागदावर, पाकिटात येतं. एक मुलगा तीन महिने "बँक काही पाठवतच नाही" म्हणून बँकेला शिव्या देत होता. बँकेने चारदा पाठवलं होतं. आणि आलेलं पाकीट न समजणाऱ्या जर्मनमध्ये असेल तर ड्रॉवरमध्ये कोंबू नकोस. त्यात बहुधा तारीख असते. घरटी १८.३६ युरो दरमहा नभोवाणी-दूरचित्रवाणी शुल्क असतं. तुझ्याकडे टीव्ही नसला तरी. पत्रं ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्यांना ते दोन वर्षांनी एकदम भरावं लागतं. तीन जण एका घरात राहत असाल तर एकानेच भरायचं, बाकीच्यांनी तसं कळवायचं.

शेजाऱ्यांच्या तक्रारी दोनच असतात: रात्री दहानंतरचा आवाज आणि चुकीच्या डब्यातला कचरा. तिसरी आपल्यामुळे वाढली आहे, फोडणी. हिंग-मोहरीच्या धुराने छतावरचा धूरसूचक भोंगा वाजतो. खिडकी उघड, स्वयंपाकघराचं दार लाव, मग तेल तापव. खिडक्या तशाही रोज पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या असतात, हिवाळ्यातही, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि अनामत त्यात जाते.

पैशांबद्दल. "जर्मनीत फी नाही" हे बऱ्याच अंशी खरं. सरकारी विद्यापीठात सत्राचा वर्गणीवजा खर्च असतो, १०० ते ३५० युरोच्या आसपास. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ च्या हिवाळी सत्रापासून त्याहून बरंच जास्त. पण फी नाही म्हणजे खर्च नाही असं नव्हे. व्हिसासाठी तू बंद खात्यात ११,९०४ युरो ठेवले असशील, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. लहान शहरात त्यात नीट राहता येतं. म्युनिक, फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्गमध्ये ओढाताण होते. आरोग्य विमाच महिन्याला दीडशेच्या आसपास जातो. दुपारचं जेवण मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत घे. स्वस्त आहे, शाकाहारी पदार्थ आता रोज असतात, फक्त मीठ-मिरची खिशात ठेव.

नोकरी करता येते: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे, किंवा सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. ऐकायला छान. पण माझा अनुभव असा, की पहिल्या सत्रात गोदामात रात्रपाळी करणारा मुलगा दोन विषयांत अडकतो, सत्र वाढतं, आणि वाढलेल्या सत्राचा खर्च कमावलेल्यापेक्षा जास्त होतो. घरून थोडे पैसे येण्यासारखे असतील तर पहिले सहा महिने काम करू नकोस. त्या वेळात जर्मनची पुढची पातळी, बी१, कर. मग प्राध्यापकांकडे सहायकाचं काम किंवा तुझ्या विषयातल्या कंपनीत अर्धवेळ काम शोध. चाकणची दोन वर्षं तिथे कामाला येतील, पण मुलाखतीत शॉप फ्लोअरवरचा माणूस जर्मनच बोलणार. कोर्स इंग्रजीत आहे, पण देश जर्मनमध्ये चालतो. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. जर्मन न येणाऱ्यांचे ते महिने कसे जातात ते मी बघते.

व्हिसा संपायच्या आधी राहण्याच्या परवान्याचा अर्ज केलेला असला पाहिजे. टर्मिन मिळत नाही हे कारण चालत नाही, अर्ज पाठवल्याचा पुरावा मात्र चालतो. ई-मेल जपून ठेव.

आता ज्यावर सीनियर बोलत नाहीत ते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, भारताशी अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडतो. तू वर्गातून बाहेर येतोस, रस्त्यावर कुणी नाही, घरात कुणी नाही, आणि आई तिकडे झोपायच्या तयारीत. पहिल्या ऑक्टोबरची सगळी नवलाई याच सुमारास उतरते. माझ्याकडे जानेवारीत येणारी मुलं परीक्षेचं कारण सांगतात, पण खुर्चीत दहा मिनिटं बसली की कळतं, चार-चार दिवस कुणाशी बोललेली नसतात. इथे दोष जर्मनांच्या थंडपणाला देतात. ते अर्धंच खरं आहे. जर्मन माणूस लिफ्टमध्ये बोलणार नाही, पण त्याच्यासोबत काही केलंस तर बोलतो. बॅडमिंटन, गिर्यारोहण, गायनवृंद, प्रयोगशाळेतला प्रकल्प. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग एका सत्राला अगदी किरकोळ पैशांत असतात, नोंदणी सुरू होताच काही मिनिटांत भरतात. सहा महिने दर मंगळवारी एकाच हॉलमध्ये घाम गाळलात की सातव्या महिन्यात तो तुला वाढदिवसाला बोलावतो. उशीर लागतो, पण बोलावलं की ते खरं असतं.

आपल्या लोकांचा गोतावळा तुला पहिल्याच दिवशी मिळेल. व्हॉट्सअ‍ॅप गट, विमानतळावर घ्यायला येणारे, गणपतीत ढोल वाजवणारे. त्याचा आधार घे, मीही घेते. फक्त दोन गोष्टी. नियमांची माहिती गटावरून घेऊ नकोस, तिथे "माझ्या रूममेटचं झालं होतं" हेच प्रमाण असतं. आणि घरातले सगळेच जण मराठी असतील तर तुझं जर्मन ए२ वरच राहील. स्वयंपाक छान होईल.

मन फारच खाली गेलं तर विद्यार्थी सेवा संस्थेत समुपदेशक असतात, मोफत, आणि तिथलं बोलणं बाहेर जात नाही. प्राध्यापकांनाही नाही, घरीही नाही. तिथेही टर्मिन लागतो, थोडे आठवडे थांबावं लागतं, म्हणून अगदी गळ्याशी येईपर्यंत थांबू नकोस. रात्री-अपरात्री ताप चढला तर ११६११७, जिवावरचं काही असेल तर ११२. साध्या सर्दीला डॉक्टर चहा प्यायला सांगून परत पाठवतील आणि तू म्हणशील, एवढा विमा भरतो तो कशाला. दात आणि चष्मा साताऱ्यातूनच करून ये.

आईंना हे सगळं वाचून दाखवू नकोस. मी त्यांना सांगेन ते इतकंच: दर रविवारी एक ठरलेली वेळ ठेवा आणि "जेवलास का" यानंतर "या आठवड्यात कुणाला काय विचारलंस" हे विचारा. बाकी त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. आणि तुझ्यासाठी: मार्क लपवू नकोस. २.७ सांग, नापास झालास तरी सांग. फोनवर "सगळं मस्त" म्हणणारी मुलंच मला शेवटी पत्र हातात घेऊन भेटतात.

तिकीट काढलं नसशील तर तारीख बघून काढ. ३ ऑक्टोबरला जर्मनीच्या एकीकरणाची राष्ट्रीय सुट्टी असते, आणि यंदा ती शनिवारी आली आहे. चार तारखेला रविवार. दोन्ही दिवस दुकानं बंद, मोठ्या रेल्वे स्थानकांमधली काही सोडून. २ तारखेच्या रात्री उतरणाऱ्या मुलांचे फोन दरवर्षी येतात, यंदा दुप्पट येणार. त्यामुळे बॅगेत दोन दिवसांचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असू दे. ताजा कढीपत्ता आणि घरचं तूप नको, कंदी पेढेही नकोत. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. गेल्या वर्षी माझ्यासाठी म्हणून आणलेले एक किलो पेढे विमानतळावरच टाकून द्यावे लागले होते. तुझ्या वाट्याचे निघण्याआधी खाऊन घे, माझ्या वाट्याचेही.